टिपणे

‘टिपणे’ हे क्रियापद मराठीने मोठ्या सढळ हाताने वापरले आहे. अंगणात चिमणी दाणे टिपते. शिकारी सावज टिपतो. आई पदराने लेकराचे डोळे टिपते. शाळेतला मुलगा फळ्यावरचे वहीत टिपून घेतो, आणि शाई ओली राहिली असेल तर टीपकागदाने तीही टिपतो. पोट भरणे, जीव घेणे, दुःख हलके करणे आणि आठवण ठेवणे, ही चार कामे एकाच शब्दाच्या घरात गुण्यागोविंदाने नांदत आली. त्या घरात अलीकडे एक पाचवा पाहुणा आला आहे. ‘कॅमेऱ्याने तो क्षण नेमका टिपला,’ असे आपण सर्रास म्हणतो. प्रश्न इतकाच, की हा पाहुणा त्या चौघांपैकी कोणाचा नातलग? चिमणीचा, शिकाऱ्याचा, आईचा, की वही घेऊन बसलेल्या त्या मुलाचा?

हा प्रश्न नुसता शब्दांचा खेळ म्हणून मी मांडलेला नाही. माझ्या गळ्यात कॅमेरा असतो, आणि आश्विन उजाडला की वैशाखापर्यंत माझ्या बहुतेक सकाळी समुद्रावर जातात. तेव्हा आपण रोज पहाटे उठून नेमके काय करतो, हे माणसाला ठाऊक असावे, एवढ्याचसाठी हा विचार.

माझा किनारा तसा लहान आहे. उत्तरेला तेरेखोलची खाडी, दक्षिणेला शापोऱ्याची नदी, आणि मध्ये केरी, हरमल, मांद्रे, आश्वे आणि मोरजी ही गावे. गोव्याच्या पेडणे तालुक्याची ही पश्चिमेची किनार. पावसाळ्यात या किनाऱ्यावर कोणी फारसे फिरकत नाही. पश्चिम किनाऱ्यावर जूनच्या पहिल्या तारखेपासून एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. समुद्र वाळू ओढून नेतो, खडक उघडे पाडतो. नारळी पौर्णिमा होते, वारा पडतो, नेलेली वाळू समुद्र हळूहळू परत आणून टाकतो, आणि मग एकामागून एक पाहुणे येऊ लागतात. आधी येतात ते चिखले: मुठीएवढे, वाळूच्याच रंगाचे पक्षी. चार पावले धावायचे, थबकायचे, पुन्हा धावायचे. त्यांतले काही हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर अंडी घालून इथे उतरलेले असतात. मग कुरव येतात. शापोऱ्याच्या मुखाशी, मोरजीच्या दक्षिण टोकाला जी वाळूची जीभ आहे तिच्यावर ते शेकड्यांनी बसतात. त्यांतल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळ्यात मुळी तपकिरी नसतेच. फाल्गुन-चैत्रात परतीची वेळ आली की ते रंगू लागते. आणि पाण्याच्या अगदी काठाशी, ओसरत्या लाटेच्या मागे धावणारे आणि येत्या लाटेपुढे पळणारे सॅन्डरलिंग. चावी दिलेली खेळणीच जणू. त्यांची घरटी उत्तर ध्रुवाजवळच्या उजाड माळांवर असतात.

या पाहुण्यांच्या जोडीला आता माणसेही येतात. गेल्या काही वर्षांत हरमल, मांद्रे, आश्वे या बाजूला सर्फिंग शिकवणारे वर्ग निघाले आहेत. आमच्या लाटा काही मोठ्या नव्हेत. हवाई बेटांवरच्या लाटांपुढे त्या अगदी तान्ह्या. पण नवशिक्याला तान्ही लाटच बरी. लांबलचक फळी काखेत मारून ही मुले पाण्यात शिरतात, पोटावर झोपून हातांनी वल्हवतात, आणि मागून येणारी लाट उचलू लागली की एका झटक्यात उभी राहतात. दहांतली आठ पडतात. उरलेली दोन किनाऱ्यापर्यंत येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असते त्याचा फोटो घेण्याचा मोह आवरणे कठीण आहे.

लाट, पक्षी आणि माणूस हे माझे तीन विषय. आणि गंमत अशी, की आरंभी जो प्रश्न मी विचारला त्याचे उत्तर या तिघांच्या बाबतीत तीन वेगळ्या प्रकारचे येते.

आधी लाट घेऊ, कारण ती सर्वांत निरुपद्रवी. लाटेचा फोटो काढल्याने लाटेचे काय जाते? काहीच नाही. मुळात लाट ही वस्तूच नव्हे. भर समुद्रात ती पुढे सरकताना दिसते, पण पाणी पुढे सरकत नसते. पाण्याचा प्रत्येक कण जागच्या जागी एक गिरकी घेतो आणि जवळपास तिथेच परततो. पुढे जाते ती फक्त शक्ती. शेकडो, कधी हजारो मैलांवरच्या वाऱ्याने दिलेला धक्का पाण्याच्या हातून हातोहात पुढे दिला जातो. किनाऱ्याजवळ तळ उथळ होतो, पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की लाटेचा तोल जातो आणि ती फुटते. आपल्याकडच्या वेदान्त्यांनी लाट आणि पाणी यांचा दृष्टान्त शेकडो वर्षे वापरला तो काही उगाच नव्हे. जी मुळात वस्तूच नाही, ती कोणी चोरणार कशी?

फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा एक फोटोग्राफर होऊन गेला. त्याने १८५७ मध्ये सेत या बंदराजवळ काढलेला लाटेचा फोटो आजही नावाजला जातो. त्या काळच्या काचा इतक्या मंद होत्या, की समुद्र नीट उमटावा तर आभाळ पांढरे फटफटीत व्हायचे, आणि आभाळ नीट यावे तर समुद्र काळा पडायचा. ल ग्रेने युक्ती केली. समुद्र एका काचेवर घेतला, आभाळ दुसऱ्या काचेवर घेतले, आणि दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडून एक चित्र छापले. म्हणजे त्या लाटेच्या माथ्यावर जे ढग आपण पाहतो, ते ती लाट फुटली त्या क्षणी तिच्यावर नव्हतेच. फोटो देखणा खरा, पण अक्षरशः पाहू गेल्यास खोटा. या खोटेपणाने कोणाचे वाईट झाले? लाटेचे नाही, आभाळाचे नाही, पाहणाराचेही नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम दिले. आपला असा एक समज असतो, की चित्रकाराचे किंवा फोटोग्राफरचे पाप म्हणजे खोटेपणा. फोटो खरा असला, त्यात काही जोडले-कापले नसले, की तो निष्पाप. आता पक्ष्यांकडे वळू या.

कुरवांचा किंवा चिखल्यांचा थवा वाळूवर बसलेला असतो तेव्हा फोटोत विशेष काही नसते. वाळूत ठिपके दिसतात. तोच थवा उडाला, की शेकडो पंख एकदम वळतात, पोटे उन्हात चमकतात, आणि फोटोला प्राण येतो. पण थवा आपल्या सोयीने उडत नाही. मग लोक त्याला उडवतात. कोणी टाळी वाजवतो, कोणी सोबतच्या मुलाला ‘जा रे, पळ त्यांच्यात’ म्हणून सोडतो, कोणी कुत्र्याला छू म्हणतो. थवा उठतो, फोटो मिळतो. त्या फोटोत काहीही खोटे नसते. पक्षी खरे, ऊन खरे, उड्डाण खरे. फक्त ज्या हाताने त्यांना उडवले तो हात चौकटीच्या बाहेर असतो.

यात पक्ष्याचे काय जाते, हे समजायला त्याचा दिवस समजून घ्यावा लागतो. किनाऱ्यावरच्या पक्ष्याचे घड्याळ सूर्याचे नसते, भरती-ओहोटीचे असते. साडेबारा तासांत एकदा पाणी ओसरते, ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यातले किडे, लहान खेकडे, शिंपले हाती लागतात. भरती आली की ताट उचलले. मग पुढची ओहोटी येईपर्यंत एका पायावर उभे राहून कमावलेले जपून ठेवणे एवढेच काम. आपण जेव्हा म्हणतो, ‘अहो, नुसते बसलेच तर होते,’ तेव्हा ते बसणे हेच त्याचे काम असते हे आपल्या लक्षात येत नाही. आणि मार्च-एप्रिलात तर ही जपणूक जिवाची असते. परतीच्या प्रवासासाठी त्याला अंगावर चरबी चढवायची असते. वाटेत शिदोरी मिळेलच असे नाही. या जातकुळीतल्या पक्ष्यांचा पल्ला केवढा असतो याचे एक उदाहरण सांगतो. २०२२ च्या ऑक्टोबरात गॉडविट जातीच्या एका पिल्लाने अलास्कापासून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियापर्यंत एकही विसावा न घेता उड्डाण केले. जन्माला येऊन त्याला जेमतेम काही महिने झाले होते. अंतर १३,५६० किलोमीटर, वेळ अकरा दिवस. त्याच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवले होते म्हणून आपल्याला हे कळले. असा प्रवास ज्यांच्या पुढ्यात आहे त्यांना आपल्या एका फोटोसाठी उठवणे म्हणजे परगावी निघालेल्या माणसाच्या डब्यातली पोळी काढून घेण्यासारखे आहे. एक पोळी फार नव्हे. पण सकाळपासून सांजेपर्यंत येणारा प्रत्येक जण एकेक पोळी काढू लागला तर?

तेव्हा ल ग्रेचा फोटो खोटा असून निरपराध, आणि हा उडत्या थव्याचा फोटो पूर्ण खरा असून अपराधी. खरेपणा आणि निरपराधीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या किनाऱ्याने शिकवले.

माझा एक स्नेही आहे, कॅमेऱ्यात माझ्याहून कितीतरी तरबेज. त्याचे म्हणणे असे, की कलाकृती एकदा झाली की ती कशी झाली हे विचारू नये. ‘ताजमहाल पाहताना तू मजुरांची हजेरी मागतोस का?’ असे तो विचारतो. प्रश्न चोख आहे. पण मला वाटते, त्यात काळाची गफलत आहे. ताजमहालाच्या मजुरांसाठी मला आज काही करता येत नाही. ते दुःख होऊन गेले. थवा मात्र माझ्यासमोर अजून बसलेला आहे. झालेल्या सौंदर्याला त्याची जन्मकथा विचारू नये असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण व्हायच्या सौंदर्याची किंमत कोण भरणार, हे विचारलेच पाहिजे, कारण ती अजून भरायची आहे.

१८८२ मध्ये मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने उडत्या पक्ष्यांच्या पंखांची हालचाल समजावी म्हणून एक यंत्र बनवले. ते हुबेहूब बंदुकीसारखे होते; खांद्याला लावायचे, नेम धरायचा, चाप ओढायचा. एका सेकंदात ते बारा छायाचित्रे घेई. बंदुकीचा घाट तसाच ठेवून तिच्यातून मरण तेवढे काढून टाकले, असे म्हणावेसे वाटते. पण घाट राहिला की थोडी वृत्तीही राहते. इंग्रजीत फोटो काढण्याला आणि गोळी झाडण्याला एकच क्रियापद चालते. आपल्याकडेही ‘आज तीन मिळाले, एक सुटला’ असे पक्ष्यांचे फोटो काढणारे आपसांत बोलतात. हे बोलणे शिकारखान्यातलेच आहे.

आता तिसरा विषय, माणूस. पक्ष्याला विचारता येत नाही, माणसाला विचारता येते, म्हणून इथे तरी अडचण नसावी असे वाटते. सर्फिंग करणारी मुले तर आपण होऊन कॅमेऱ्याकडे येतात, ‘मिळाला का?’ म्हणून विचारतात. संमती आहे, आनंद आहे. तरीही एक गोष्ट माझ्या पाहण्यात आली. आमच्या गावचा एक तरुण आहे. आता तो शिकवतोही. किनाऱ्यावर कोणी नसते तेव्हा तो लाट तिच्या कलाने घेतो. ती जिकडे नेईल तिकडे जातो, कधी अर्ध्यात सोडून देतो, कधी नुसता पाण्यात बसून राहतो. किनाऱ्यावर भिंग रोखलेले दिसले, की तोच तरुण कॅमेऱ्याच्या बाजूला वळतो, हात पसरतो, आणि लाट संपायच्या आधीच पाहतो ती लाटेकडे नव्हे, माझ्याकडे. मी त्याच्यापासून काही घेतले नाही. पण त्याच्या आणि लाटेच्या मध्ये जाऊन उभा राहिलो हे खरे.

सर्फिंगचे फोटो काढण्याच्या कलेचा एक आद्यपुरुष जॉन बॉल. हा लॉस एंजेलिसचा दंतवैद्य, म्हणून सगळे त्याला ‘डॉक’ म्हणत. त्याने स्वतःच्या हाताने कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटी बनवली आणि स्वतः फळीवरून समुद्रात जाऊन मित्रांचे फोटो काढले. १९४६ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. तो स्वतःही त्याच लाटांत भिजणारा होता. ज्यांचा फोटो घ्यायचा त्यांच्याच कष्टात आपण अर्धे तरी उभे असावे, हा त्याच्यापासून घ्यायचा धडा.

दुसरे उदाहरण अगदी ताजे. २०२४ च्या ऑलिंपिकमधले सर्फिंग पॅरिसला नव्हे, तर दूर ताहिती बेटावर तेआहुपोला झाले. २९ जुलैला ब्राझीलच्या गॅब्रिएल मेदिनाने एका लाटेवर दहांपैकी ९.९० गुण मिळवले. लाटेतून बाहेर पडताना त्याने हवेत उडी घेतली, एक बोट आभाळाकडे केले. शेजारी त्याची फळीही तशीच उभी हवेत. जेरोम ब्रुइये या फोटोग्राफरने तो क्षण घेतला आणि एका दिवसात तो फोटो जगभर गेला. माणूस हवेवर उभा आहे असाच भास व्हावा. पण मला त्या फोटोपेक्षाही त्याच्यामागची हकिकत विचार करायला लावते. ब्रुइये नावेत होता, लाटेच्या पाठीमागच्या बाजूला. जिच्यासाठी ९.९० गुण मिळाले ती स्वारी त्याला दिसतच नव्हती. मेदिना लाटेच्या माथ्यावरून वर आला तेव्हा त्याला चार फोटो मिळाले, आणि त्यांतला एक हा.

म्हणजे साऱ्या जगाने जे पाहिले ते केलेले काम नव्हे, काम झाल्यावरचा आनंद. खरे काम पाण्याच्या भिंतीआड झाले. गीतेतला कर्म आणि फळ यांचा विचार आपण लहानपणापासून ऐकतो, पण कर्म आणि फोटो यांचा विचार आपल्या पिढीलाच करायचा आहे. फळाची आशा सोडणे कठीण आहेच. साक्षीदाराची आशा सोडणे त्याहून कठीण झाले आहे.

आणि माणूस नेहमी हसतमुखाने फळीवर उभा असतो असेही नाही. याच वाळूवर रापण ओढली जाते. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांच्या रांगांनी ओढायचे, ही आमच्याकडची जुनी मासेमारी. मागे रेललेली माणसे, ताणलेले दोर, पाठीमागे उगवते ऊन. याहून चांगला देखावा कोणाला हवा? पर्यटक फोटो काढतात, मीही काढतो. एका म्हाताऱ्या रापणकाराला मी त्याचा फोटो छापून नेऊन दिला. तो त्याने बराच वेळ निरखला आणि म्हणाला, “मास्तर, दोर किती छान दिसतो हो! पण यात त्याचं वजन दिसत नाही.” तक्रारीचा सूर नव्हता. त्याने फक्त जे होते ते सांगितले. फोटोत वजन दिसत नाही, हे वाक्य फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापण्याजोगे आहे.

मग काय, कॅमेरा ठेवून द्यावा? या प्रश्नावर माझी भाची मला सोडत नाही. ती पुण्याला शिकते, दिवाळीला आमच्याकडे येते. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे गावोगाव नरकासुर जाळतात. रात्रभर त्याच्या मिरवणुका चालतात. ते पाहून, अभ्यंगस्नान करून, नाना तऱ्हेचे पोहे खाऊन झाले, की ती माझे फोटो काढून बसते. गेल्या दिवाळीला तिने कुरवांचा एक फोटो उचलला आणि विचारले, “मामा, याच्याखाली जागेचं नाव का नाही?”

मी सांगितले, की कुरव कुठे बसतात ते मोरजीत सगळ्यांना ठाऊक आहे; पण ही दुसरी जागा आहे. नाव छापले की लोक येतील. पूर्वी येणारे चार असत. २०२३ च्या जानेवारीपासून याच तालुक्यातल्या मोप्याला विमाने उतरू लागली. आता सकाळी निघालेला माणूस दुपारी वाळूवर असतो. मोरजीला नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात, वनखात्याची माणसे त्यांची राखण करतात, पण एखाद्याने दिवा पाडला तर मादी अंडी न घालताच परत फिरू शकते, आणि पिल्ले तर पाण्याची दिशा उजेडावरूनच ठरवत असल्याने ती दिव्याकडे चालू लागतात. फोटो काही नेत नाही हे खरे. पण तो इतरांना बोलावून आणतो.

ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही आत आलात, आणि मग आतून कडी लावलीत!”

“तसं समज.”

“पण मामा, ज्यांनी ते पक्षी कधी पाहिलेच नाहीत, ते उद्या ती जागा वाचवायला कशाला येतील? तिथे उद्या कोणी हॉटेल बांधायला निघालं, तर एकटे तुम्ही आडवे पडणार का?”

तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ पुरे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. माणसे वाचवतात ती त्यांना प्रिय असलेली वस्तू. आणि प्रिय होण्याआधी ती दिसावी लागते. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ मध्ये निघाले. पाखराला नावाने ओळखायला त्याने आपल्या देशातल्या कितीतरी घरांना शिकवले. त्यांनीही ‘नको, लोक जातील आणि त्रास देतील’ असा विचार केला असता, तर आज पक्ष्यांच्या बाजूने बोलायला उभे राहणारे कितीतरी कमी असते. लपवणे ही जपणूक नव्हे, आणि पत्ता वाटणे हेही दान नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिला त्या जागी घेऊन गेलो. वाटेत एवढेच सांगितले, की दूर बसायचे, आणि पक्ष्यांनी माना वर केल्या की समजायचे आपण फार जवळ आलो. आम्ही वाळूत बसलो. भरती चढत होती. अर्ध्या तासाने पाण्यानेच चिखल्यांना आमच्या बाजूला सरकवले. आम्ही हललो नाही, तेच आले. तिने फोनवर एक फोटो घेतला, मग फोन खाली ठेवला आणि मोजू लागली. चौऱ्याऐंशीपर्यंत मोजले, मग ते हलले म्हणून पुन्हा पहिल्यापासून. घरी जाताना तिने मला जागेचे नाव विचारले नाही. कारण आता तिला ते सांगण्याची गरज राहिली नव्हती, आणि दुसऱ्याला कसे सांगायचे हेही तिला कळले होते.

त्या सकाळी मला जे उमगले ते असे. फोटोखाली छापलेले नाव माणसाला फक्त जागा देते, रीत देत नाही. हात धरून नेलेल्याला जागा आणि रीत दोन्ही मिळतात. आपल्याकडे देवळाचा रस्ता आणि चपला कुठे काढायच्या हे मुलांना एकदमच शिकवतात. नुसता रस्ता सांगून कोणी सोडत नाही. निसर्गाच्या बाबतीत आपण रस्ते फार वेगाने सांगू लागलो आहोत, चपलांचे राहून जाते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर देता येईल असे वाटते. कॅमेरा त्या चौघांपैकी कोणाचाही नातलग होऊ शकतो. ते त्याच्यामागच्या माणसावर आहे. थवा उडवून फोटो घेणारा शिकाऱ्याच्या घरचा. ओहोटीची वाट पाहत वाळूत बसणारा, मिळेल ते घेणारा, पक्ष्याच्याच घरचा. कारण चिखल्याही वाळू ओरबाडत नाही, समोर आलेला कण तेवढा टिपतो, आणि पुढची भरती त्याचे ताट पुन्हा वाढून जाते. वहीतल्या टिपणाचा धर्मही कॅमेऱ्याला पाळता येतो. काही पक्ष्यांच्या पायात अभ्यासकांनी रंगीत पट्ट्या अडकवलेल्या असतात. कुठल्या देशात कोणत्या रंगांच्या, हे ठरलेले असते. एखाद्या साध्यासुध्या फोटोत तो पाय स्पष्ट आला, तारीख आणि जागा जोडून तो योग्य माणसाच्या हाती पडला, तर एका पक्ष्याचा अर्ध्या जगाचा प्रवास कळतो. १९८७ पासून आपल्याकडे दर जानेवारीत पाणपक्ष्यांची जी गणना होते तिला असे हात हवेच असतात. तो फोटो कोणी भिंतीवर लावणार नाही. पण त्या फोटोने घेतले त्याहून अधिक परत दिले.

राहता राहिली आई आणि तिचा पदर. कॅमेऱ्याला डोळे टिपता येतात का? मला वाटते, क्वचित येतात. ज्याचा फोटो काढला त्याला तो नेऊन देणे, त्याचे म्हणणे ऐकून घेणे, आणि चित्रात न आलेले वजन शब्दांत तरी सांगणे, हे त्या जातीचे टिपणे आहे. तो म्हातारा रापणकार आता रापणीवर जात नाही, गुडघे दुखतात. त्याचा फोटो त्याच्या घरी देवाच्या तसबिरीशेजारी लावला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवतो, आणि दोर हातात नसला तरी मागे रेलून त्याचे वजन किती असायचे तेही करून दाखवतो.